डब्यातील भुकटी की ताटातील डाळ?



दूध सुमुल डेअरीला घालायचे आणि चीज करताना निथळलेल्या पाण्याची भुकटी सुरतेहून महागात आणायची, हा व्यवहार आम्हास उलटा वाटतो.

शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची भुकटी टाळावी, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितले. तिच्यात साखर व कृत्रिम गोडी मिसळलेली असू शकते. दीर्घकाळ अतिसेवनाने मूत्रपिंडांना व हाडांना अपाय संभवतो.

६० किलो वजनाच्या निरोगी माणसास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती सुमारे २२ ग्रॅम असतात, एका अंड्यात ६. शिवाय वाल, दूध आहेच.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याविना डबा उघडू नये.