घरी जुळविलेल्या मोटारीतील बैठक आणि पेडले

कारखान्यातून तयार होऊन आलेल्या मोटारीत चालकाची बैठक आणि पायाखालची पेडले यांचे स्थान अभियंत्यांनी आधीच ठरविलेले असते. सुटे भाग आणून मालकाने स्वतः जुळविलेल्या मोटारीत मात्र ही जबाबदारी बहुतांशी जुळविणाऱ्यावर येते.

अशा मोटारींची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष रुजली. तेथे १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची हलकी, दोन आसनांची मोटार विक्रीस आणली. त्या काळी तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. म्हणून अनेकांनी संच घेऊन ती घरीच जुळविली. १९७३ मध्ये खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला व ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि त्या घडणीच्या मोटारी तेथे आजही संचरूपाने मिळतात.

सेव्हनमध्ये चालक जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसतो आणि पाय पुढे लांब करून अरुंद पोकळीत ठेवतो. अशा ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरांचा फरकही मोठा ठरतो.

प्रथम बैठक

जुळवणीचा आरंभ बैठकीपासून करावा. गाडी चालविताना जे बूट घालावयाचे तेच घालून, कंबर व पाठ पूर्णपणे टेकवून बसावे. पाय पेडल पुढे ढकलतो, तेव्हा तितक्याच बलाने शरीर मागे रेटले जाते. पाठीमागे पोकळी राहिली तर शरीर मागे सरकते आणि पायाची काही हालचाल व्यर्थ जाते.

आता क्लच व ब्रेक आळीपाळीने तळापर्यंत दाबून पाहावे. त्या स्थितीतही गुडघा थोडा वाकलेला असला पाहिजे. पाय ताठ झाला तर आणखी जोर लावण्यास वाव उरत नाही. शिवाय अपघातात धक्का सरळ कंबरेच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. खांदे बैठकीला टेकलेले असताना हात लांब केल्यास मनगट स्टीअरिंगच्या चाकाच्या वरच्या कडेवर टेकावे. ब्रेक दाबताना बुटाची कड अॅक्सिलरेटरवर पडू नये, इतके अंतर त्या दोहोंत ठेवावे.

पेडल म्हणजे तरफ

बैठक सरकवूनही पाय नीट पोहोचत नसेल, तरच पेडलांना हात लावावा. दार बिजागरीजवळ ढकलले तर जड वाटते, कडेला ढकलले तर सहज फिरते. ब्रेकच्या पेडलाचे तत्त्व हेच होय. समजा, टेकूपासून पाऊल ठेवण्याची जागा २५० मिलिमीटरांवर आहे आणि ब्रेकच्या सिलिंडरातील दट्ट्या ढकलणारी दांडी ५० मिलिमीटरांवर जोडलेली आहे. येथे बल पाचपट होते. पायाने २० किलोग्रॅम वजनाइतका दाब दिला, तर दांडीवर १०० किलोग्रॅमांइतका दाब येतो. मात्र दांडी २० मिलिमीटर सरकण्यासाठी पाऊल १०० मिलिमीटर सरकावे लागते.

पेडल लांबवून पाऊल ३०० मिलिमीटरांवर नेले, तर बल सहापट होईल. पण तेवढ्याच कामासाठी पाऊल १२० मिलिमीटर सरकेल. म्हणून पेडलाची लांबी बदलण्यापेक्षा टेकू व सिलिंडर यांसह सर्व रचना एकत्र पुढे-मागे घेणे श्रेयस्कर होय.

दांडी लांबविण्यातील धोका

पेडल चालकाच्या जवळ आणण्याचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे दांडी लांबविणे. धोका नेमका येथेच आहे. दट्ट्या पूर्णपणे मागे आला, म्हणजे सिलिंडर व तेलाची टाकी यांना जोडणारे बारीक छिद्र उघडे होते. ब्रेक तापून तेल प्रसरण पावले की वाढलेले तेल या छिद्रातून टाकीत परत जाते. दांडी जरुरीपेक्षा लांब झाली तर दट्ट्या किंचित पुढेच राहतो आणि छिद्र बंद राहते. मग ब्रेक चाकाला घासत राहतात. घासल्याने उष्णता वाढते, उष्णतेने तेल आणखी प्रसरते, आणि अखेर धावती चाके जखडली जाऊ शकतात. गाडी थंड असताना हा दोष दिसतोच असे नाही.

म्हणून दांडी व दट्ट्या यांत थोडी मोकळीक ठेवावी. ती १ मिलिमीटर असेल, तर वरील उदाहरणात पाऊल ठेवण्याच्या जागी ५ मिलिमीटर जाणवेल. हाताने हलके दाबून ती तपासता येते. नंतर दांडीवरील पक्की करणारी चाकी घट्ट करावी. गाडी भक्कम आधारावर उचलून, ब्रेक दाबून सोडल्यावर चाके मोकळी फिरतात की नाही हे पाहावे, आणि थोडे अंतर सावकाश चालविल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

अभ्यासासाठी प्रश्न

१. टेकूपासून पाऊल २८० मिलिमीटरांवर व दांडी ७० मिलिमीटरांवर असेल, तर पायाचे बल किती पट होईल?

२. त्याच पेडलात दांडीपाशी १.५ मिलिमीटर मोकळीक असेल, तर ती पावलाच्या जागी किती जाणवेल?