संगणकाची पेटी : रूप आणि कार्य

संगणकाची पेटी म्हणजे केवळ बाहेरचे आवरण, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः या पेटीला चार कामे करावी लागतात. आतील नाजूक भागांचे रक्षण करणे, तेथे निर्माण होणारी उष्णता बाहेर जाऊ देणे, मंडलांतून उत्सर्जित होणाऱ्या रेडिओलहरी अडवून धरणे आणि पुढे नवे भाग बसविण्यास वाव ठेवणे, ही ती कामे होत. ही कामे पुष्कळदा परस्परांच्या आड येतात. धातूच्या बंद पेटीत लहरी कोंडल्या जातात, परंतु हवाही कोंडते. मोठे झरोके ठेवले तर हवा खेळते, परंतु लहरीही निसटतात. वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे.

१९७५ साली अमेरिकेत विक्रीस आलेला 'अल्टेअर ८८००' हा संगणक धातूच्या चौकोनी पेटीत होता. दर्शनी भागावर खटके आणि दिवे असलेली ही पेटी प्रयोगशाळेतील उपकरणासारखी दिसे. १९७६ सालचा 'ॲपल-१' तर पेटीविनाच विकला गेला. ग्राहकाला केवळ मंडलफलक मिळे. आवरणाची सोय त्याने स्वतः करावयाची.

१९७७ साली आलेल्या 'ॲपल-२' ने हे चित्र पालटले. जेरी मॅनॉक यांनी त्याच्यासाठी प्लॅस्टिकची, उतरत्या आकाराची पेटी आखली. तीत पंखा नव्हता. हे शक्य झाले याचे श्रेय मुख्यतः रॉड होल्ट यांच्या विद्युत्पुरवठ्यास द्यावे लागेल. जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जात असे. होल्ट यांचा 'स्विचिंग' पद्धतीचा पुरवठा आकाराने लहान, वजनाने हलका आणि तुलनेने थंड होता. म्हणजे पेटीचे सौष्ठव हे आतील मंडलाच्या काटकसरीवर उभे होते. शिवाय झाकण हातांनी सहज उघडता येई आणि आत जोडफलकांसाठी आठ खाचा होत्या. त्यामुळे हा संगणक काळानुसार वाढू शकला.

त्याच वर्षीच्या 'कमोडोर पेट' मध्ये पडदा, कळफलक आणि कॅसेटयंत्र ही तिन्ही एकाच धातूच्या पेटीत सामावली होती. परंतु कॅसेटयंत्राने दर्शनी जागा व्यापल्यामुळे कळफलक इतका लहान झाला की त्यावर टंकलेखन करणे कठीण जाई. पुढील नमुन्यांत कॅसेटयंत्र बाहेर काढून कळफलक मोठा करण्यात आला. १९७९ साली आलेल्या 'अटारी ४००' व 'अटारी ८००' यांची अडचण निराळी होती. दूरदर्शन संचाला थेट जोडावयाच्या उपकरणांवर त्या काळी अमेरिकेत लहरींविषयी कडक निर्बंध होते. ते पाळण्यासाठी या यंत्रांच्या आत ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कवच बसवावे लागले.

सर्वांत महाग धडा मिळाला तो १९८० सालच्या 'ॲपल-३' कडून. येथे पेटीचा आकार आधी ठरला आणि मंडले मागाहून त्यात बसवावी लागली. पंखा नको, असा आग्रह होता. उष्णता वाहून नेण्याचे काम ॲल्युमिनियमच्या ओतीव बैठकीवर सोपविण्यात आले. मंडलफलकावर भागांची दाटी झाली. यंत्रे तापू लागली, चकत्या आपल्या खोबणींतून सैल होऊ लागल्या. संगणक काही इंच उचलून मेजावर सोडावा म्हणजे त्या पुन्हा नीट बसतील, असा सल्लाही ग्राहकांना देण्यात आला. दोष केवळ उष्णतेचा की फलकाच्या आखणीचाही, याविषयी पुढे मतभेद झाले. पहिली सुमारे १४,००० यंत्रे कंपनीने विनामूल्य बदलून दिली आणि १९८१ च्या अखेरीस सुधारित आवृत्ती आणली; परंतु गेलेला विश्वास परतला नाही. १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले.

१९८१ सालच्या 'आयबीएम पीसी' ने साधा मार्ग पत्करला. पोलादी झाकण, विद्युत्पुरवठ्यातच पंखा आणि पाच खाचा, अशी त्याची रचना होती. पंख्याचा आवाज होई. पण त्या मोबदल्यात उष्णतेची चिंता मिटली आणि इतर उत्पादकांना जोडफलक बनविण्यास वाव मिळाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. देखणी आणि निःशब्द पेटी 'ॲपल-२' ला साधली, कारण आत किती उष्णता निर्माण होईल याचा विचार त्या पेटीमागे होता. 'ॲपल-३' मध्ये अपेक्षा तीच होती. क्रम मात्र उलटा झाला.