धन्याचं पोर आणि पोटचं पोर

प्रश्न : जुन्या जपानी नाटकांत आणि चित्रपटांत सामुराई घराण्यांतल्या स्त्रिया धन्यासाठी पोटचं मूल देतात, कुळाच्या अब्रूसाठी स्वतःच्या गळ्यावर कट्यार चालवतात. असं खरंच घडायचं, की हे सगळं नाटककारांनी रचलेलं? आणि इतकं दुःख पाहायला लोक पैसे मोजून का जायचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. त्यासाठी एका नाटकातला एक प्रवेश जरा सविस्तर सांगावा लागेल.

नाटकाचं नाव 'मेइबोकु सेंदाइ हागी'. १७७७ मध्ये ते ओसाकात काबुकीच्या रंगमंचावर आलं. सेंदाइच्या दाते घराण्यात सतराव्या शतकात गादीवरून जी भाऊबंदकी माजली, ती या नाटकाच्या मुळाशी आहे. मासाओका ही घराण्याच्या बालवारसाची दाई. वारसाला विष घालून संपवायचा कट वाड्यातच शिजतोय हे तिला ठाऊक आहे, म्हणून मुदपाकखान्यातून आलेलं अन्न ती त्याच्या ओठाला लागू देत नाही. चहाच्या विधीसाठी ठेवलेली नाजूक भांडी घेऊन ती स्वतः तांदूळ धुते आणि चहाच्याच शेगडीवर भात शिजवते. समोर दोन पोरं बसलेली असतात, एक धाकटा धनी आणि दुसरा तिचा स्वतःचा मुलगा सेनमात्सु. दोघंही भुकेने कासावीस झालेली, पण सामुराईच्या पोराने भूक लागली असं म्हणायचं नसतं, म्हणून दोघंही नाही म्हणतात. भात शिजेपर्यंत रंगमंचावर दुसरं फारसं काही घडत नाही. पोरांची चुळबुळ आणि त्या बाईचे हात, एवढंच प्रेक्षक बघत राहतात.

मग एका बड्या सरदाराची बायको, साकाए गोझेन, मिठाईचा डबा घेऊन येते. मिठाई वरून आलेली, म्हणजे नाकारायची सोय नाही. मासाओकाने मुलाला आधीच शिकवून ठेवलंय की असं काही आलं तर पहिला घास तू घ्यायचा. सेनमात्सु धावत येतो, मिठाई तोंडात टाकतो आणि डबा लाथेने उडवून देतो. विष अंगात भिनायला लागतं. कटातली याशिओ नावाची बाई लगेच त्याला पकडते आणि वरून आलेल्या भेटीचा अपमान केला असं म्हणत त्याच्या गळ्यात कट्यार खुपसते. मुलगा विषाने मेला हे दिसू नये, असा तिचा डाव. ती कट्यार सावकाश फिरवते आणि मासाओकाकडे बघत राहते. मासाओका धाकट्या धन्याला आडोशाला घेऊन उभी असते. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

साकाए गोझेन तो चेहरा निरखते आणि उलटाच अर्थ काढते. पोटचं पोर डोळ्यांसमोर मरताना कुठली आई अशी उभी राहील? तेव्हा मेला तो खरा धनी असणार, हिने मुलांची अदलाबदल केलेली असणार, म्हणजे ही आपल्याच बाजूची. या समजुतीने ती कटवाल्यांच्या नावाशिक्क्यांची यादीच मासाओकाच्या हातात देऊन निघून जाते.

नाटक लिहिणाऱ्यांचं कसब मला इथे दिसतं. आईच्या निष्ठेचा पुरावा शत्रूला आईपण नसल्याचा पुरावा वाटतो. इतकी निष्ठा माणसाच्या मनाला शक्यच वाटत नाही, हे नाटकच खलनायिकेच्या तोंडून कबूल करतं.

पुढे रंगमंच रिकामा होतो. कुणी नाही याची खात्री करून मासाओका मुलाच्या देहाजवळ येते. आधी ती त्याची पाठ थोपटते, धन्यासाठी तू शर्थ केलीस म्हणते. ते शब्द संपतात आणि ती कोसळते. विष आहे हे माहीत असून खा असं पोराला शिकवणारी आई जगात दुसरी असेल का, म्हणून ती ऊर फुटेस्तोवर रडते. या विलापाला काबुकीत कुदोकी म्हणतात आणि प्रेक्षक येतो तो त्यासाठी. तुमच्या पत्रातलं दुःख हेच. लोक बलिदान बघायला येत नव्हते. बलिदानाची किंमत कुणीतरी उघडपणे मोजताना त्यांना बघायची होती.

त्यात आणखी एक गोष्ट. ही नाटकं लिहिणारे आणि बघणारे बहुतेक सामुराई नव्हतेच. ओसाका, क्योतो, एडो या शहरांतले व्यापारी, कारागीर, दुकानदार यांची ही करमणूक. कित्येक नाटकं आधी बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी लिहिली गेली आणि मागाहून काबुकीत आली. समकालीन सामुराई घराण्यांची भानगड नावानिशी दाखवायला शोगुनशाहीची बंदी होती, म्हणून नाटककार तीच घटना कित्येक शतकं मागे नेऊन ठेवत. प्रेक्षकांना सगळं कळायचं. सामुराईंच्या निष्ठेबद्दल शहरी माणसाला आदर होता आणि धाकही होता. पण ती निष्ठा पाळताना घरात काय होत असेल, हा प्रश्न विचारायची मोकळीक त्याला नाटकगृहातच मिळायची, आणि तो प्रश्न नाटककाराने बाईच्या तोंडी घातला. पुरुष पात्र ताठ राहतं, आक्रोश बाई करते. आक्रोशाचं काम तिच्याकडे दिल्यामुळे खरं बोलण्याचं कामही आपसूक तिच्याकडे गेलं.

आणि ही बाई रंगमंचावर पुरुष असे. १६२९ मध्ये शोगुनशाहीने स्त्रियांना रंगमंचावर येण्यास मनाई केली आणि तेव्हापासून काबुकीत स्त्रीभूमिका पुरुष नट करतात. बालगंधर्वांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या वाचकांना याचं नवल वाटू नये. मासाओका ही या नटांची कसोटी मानली जाते. विसाव्या शतकात सहाव्या नाकामुरा उताएमोन यांची मासाओका फार गाजली.

आता दुसरं नाटक, जे मला मासाओकाच्याही वरचं वाटतं. 'कानादेहोन चूशिनगुरा' हे १७४८ मध्ये ओसाकाच्या ताकेमोतो नाट्यगृहात बाहुल्यांसाठी लिहिलेलं अकरा अंकी नाटक. सत्तेचाळीस रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, धन्याच्या मृत्यूचा सूड घेतला ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिचा नववा अंक मात्र बराच वेळ बायकांच्याच हातात आहे.

तोनासे आपली मुलगी कोनामी हिला घेऊन क्योतोजवळच्या यामाशिनाला येते. बाहेर बर्फ पडलेला. रोनिनांचा पुढारी युरानोसुके याच्या मुलाशी, रिकियाशी, कोनामीचं लग्न पूर्वीच ठरलेलं आहे. पण मधल्या काळात घराणं बुडालं. त्याला कारण असं की युरानोसुकेचा धनी वैऱ्यावर वार करत होता, तेव्हा कोनामीच्या बापानेच, होन्झोने, त्याला मागून धरून ठेवलं. त्यामुळे रिकियाची आई ओइशी सोयरीक साफ नाकारते. अशा बापाची मुलगी आम्हाला नको.

तोनासे कोनामीची सावत्र आई आहे आणि अंकाचा सगळा पीळ यात आहे. सख्ख्या आईला रिकाम्या हाती परत जाता येतं, फार तर लोक हळहळतील. सावत्र आई परतली तर लोक म्हणणार, पोटची असती तर हिने असं सोडलं असतं का? म्हणून ती मुलीला मारून स्वतःही मरायचं ठरवते आणि कोनामी हात जोडून मान पुढे करते. अंगणाबाहेर एक भिक्षेकरी साधू बासरी वाजवत असतो. तोनासे तलवार उचलते आणि घरातून आवाज येतो, 'नको!' दारातल्या भिक्षेकऱ्याला वाटेला लावायचाही हाच शब्द. तो त्याला होता की आपल्याला, हे न कळून तोनासेचा हात थांबतो. पुन्हा तलवार उचलते, पुन्हा आवाज येतो. तो ओइशीचा असतो. पण ती बाहेर येते ती हातात रिकामा पाट घेऊन. लग्नाचा आहेर म्हणून यावर होन्झोचं मुंडकं ठेवा, तर सूनमुख पाहू.

बाहेरचा साधू हाच वेशांतर केलेला होन्झो. तो आत येतो, ओइशीला मुद्दाम डिवचतो आणि रिकियाच्या भाल्याचा वार स्वतःहून अंगावर घेतो. मरता मरता वैऱ्याच्या वाड्याचा नकाशा तो जावयाला आहेर म्हणून देतो. ओइशी एवढी कठोर का झाली, तेही तेव्हा उलगडतं. बाप आणि मुलगा दोघंही सूड घेऊन मरणार हे तिला माहीत होतं. आलेली सून लगेच विधवा व्हावी, हे तिला बघवत नव्हतं.

जपानी नाटकांवर लिहिताना कर्तव्य आणि माया, त्यांच्या भाषेत गिरी आणि निंजो, अशी दोन पारडी मांडून सगळं समजावून देण्याची पद्धत आहे. तोनासेपुढे ती पद्धत लंगडी पडते. सावत्र मुलीवरची माया हीच तिचं कर्तव्य आहे आणि त्या कर्तव्यापोटीच ती तलवार उचलते. दोन्ही एकाच गाठीत आहेत, म्हणून ती गाठ सुटत नाही.

सगळ्याच नाटकांत बाई दुसऱ्यासाठी मरते असंही नाही. १७८२ च्या 'कागामियामा'मध्ये वाड्यातली मुजोर इवाफुजी ही ओनोएला भर दरबारात चपलेने मारते, ओनोए जीव देते आणि तिची दासी ओहात्सु इवाफुजीला ठार करून सूड घेते. अपमान, सूड, निष्ठा सगळं बायकांमध्येच. एडोतल्या एका सरदाराच्या वाड्यात १७२४ मध्ये खरोखर घडलेल्या प्रकारावर ते बेतलेलं आहे. वसंतात वाड्यांवरच्या दासींना घरी जायची सुट्टी मिळे, त्या दिवसांत हे नाटक लावायचा प्रघात होता.

आता तुमचा पहिला प्रश्न. खरंच असं घडायचं का?

रोनिनांची गोष्ट १७०१ ते १७०३ मधली. युरानोसुके म्हणजे इतिहासातला कुरानोसुके, आडनाव ओइशी. त्याची बायको रिकू. सुडाचा बेत पक्का झाल्यावर १७०२ मध्ये त्याने तिला धाकट्या मुलांसह माहेरी, तोयोओकाला पाठवून दिलं, म्हणजे सरकारी शिक्षेची झळ तिला लागू नये. थोरला मुलगा बापाबरोबर राहिला आणि पुढच्याच वर्षी बापाप्रमाणेच त्यालाही पोट फाडून मरण्याची शिक्षा झाली. रिकूने कट्यार उचलली नाही. तिने मुलं वाढवली. १७१३ मध्ये धाकट्या मुलाला हिरोशिमाच्या आसानो घराण्यात चाकरी मिळाली, तेव्हा ती तिकडे गेली आणि १७३६ मध्ये वारली. नवऱ्यामागे तेहतीस वर्षं. नाटकाने या तेहतीस वर्षांना जागा दिली नाही, आणि माझ्या मते ही त्या नाट्यपरंपरेतली मोठी उणीव आहे.

सामुराई घरांतलं रोजचं जगणं कसं होतं ते वाचायचं तर यामाकावा किकुए यांचं १९४३ मधलं पुस्तक आहे, मितो संस्थानातल्या सामुराई स्त्रियांवरचं. त्यांची आई तिथल्याच सामुराई विद्वानाच्या घरात वाढलेली. त्यात कट्यारींपेक्षा सूतकताई, विणकाम, शिवण आणि तुटपुंज्या शिध्यात घर चालवायची कसरत जास्त आहे. बहुतेकींचं कर्तव्य हेच होतं.

तरी हे सगळं नाटकातच होतं असं म्हणता येत नाही. १८६८ च्या यादवीत नव्या सरकारच्या फौजा आइझुच्या किल्ल्यावर चालून आल्या, तेव्हा संस्थानाचा एक कारभारी साइगो तानोमो याच्या घरातल्या एकवीस जणांनी शत्रूच्या हाती लागण्याआधी जीव दिला. त्यांत त्याची आई, बायको चिएको, बहिणी आणि अगदी लहान मुलीही होत्या. त्याच लढाईत नाकानो ताकेको नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, घेऊन बायकांच्या तुकडीच्या पुढे राहून लढली आणि गोळी लागून पडली. मुंडकं शत्रूला मिळू नये म्हणून तिच्या बहिणीने ते नेलं. साइगोच्या घरातल्या त्या चिमुरड्या मुलींचं मरण मला कुठल्याही अर्थाने गौरवाचं वाटत नाही. नाटकातली मासाओका निदान ऊर फुटेस्तोवर रडू शकते. इथे रडायलाही कुणी उरलं नाही.

त्याच किल्ल्यात यामामोतो याए नावाची तरुणी पुरुषी वेशात बंदूक चालवत होती. ती वाचली. पुढे नीजिमा जो यांच्याशी तिने लग्न केलं, क्योतोच्या दोशिशा शाळेच्या उभारणीत त्यांना साथ दिली आणि १९३२ पर्यंत जगली. २०१३ मध्ये जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने वर्षभर चालणारी ऐतिहासिक मालिका काढली ती तिच्यावर.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. कोबायाशी मासाकी यांचा १९६७ चा 'सामुराई रिबेलियन' जरूर पाहा. त्यात इचि नावाच्या स्त्रीला धनी आधी रखेल म्हणून ठेवतो, मग एका चाकराच्या मुलाशी लग्न लावून देतो आणि गरज पडताच परत मागतो. ती जायला नकार देते. जुन्या नाटकातल्या बाईला जे फक्त रडून सांगता यायचं, ते इचि तोंडावर बोलून दाखवते.

आणि वाचायला सुरुवात करणार असाल, तर 'चूशिनगुरा'चा डोनाल्ड कीन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९७१ पासून उपलब्ध आहे. अकरा अंकांच्या आकड्याला घाबरू नका. सरळ नववा अंक उघडा, मग सातवा वाचा, म्हणजे नवऱ्यासाठी स्वतःला विकून घेणारी ओकारू भेटेल. उरलेलं नाटक त्यानंतर पहिल्यापासून वाचा.