पुस्तकांचा दवाखाना

(शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके फाटतात, भिजतात, त्यांना कसर लागते. अशी पुस्तके साध्या साधनांनी दुरुस्त करायला शिकताना एका शिक्षकाला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना आलेला अनुभव या पाठात सांगितला आहे.)

आमची शाळा हमरापूरपासून फार दूर नाही. पेण तालुक्यातले हमरापूर तुम्हांला ठाऊक असेल. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीला तिथे स्टेशन आहे आणि घरोघरी गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत भिंतींची ओल जात नाही. शाळेत ग्रंथालयासाठी वेगळी खोली नाही. वर्गाच्या कोपऱ्यात दोन लोखंडी कपाटे आहेत, त्यांनाच आम्ही ग्रंथालय म्हणतो.

एका पावसाळ्यात नववीतली एक मुलगी माझ्याकडे उर्दू-मराठी शब्दकोश घेऊन आली. श्रीपाद जोशी आणि निजामुद्दीन गोरेकर यांनी तयार केलेला हा शब्दकोश आमच्याकडे एकच आहे. निबंध लिहिताना तिला 'मुरव्वत' या शब्दाला मराठी शब्द हवा होता. नेमके तेच पान सुटले होते. पानावर आडवी चिकटपट्टी लावलेली होती. ती पिवळी पडली होती आणि तिच्या कडेने कागद सरळ रेषेत तुटला होता. पट्टीखालची अक्षरे तपकिरी डागात बुडाली होती.

"सर, हे कुणी केलं?" तिने विचारले.

मी जरा थांबलो. मग म्हणालो, "मीच. नोकरीला लागलो त्या वर्षी."

तेव्हा ते पान फक्त बोटभर फाटले होते. मी मोठ्या हौसेने त्यावर पट्टी चिकटवली आणि पुस्तक वाचवल्याच्या समाधानात घरी गेलो. पुस्तक वाचले नव्हते. उलट एका लहान जखमेची मी मोठी जखम केली होती. बी.एड.ला आम्हांला फळ्यावर कसे लिहावे, प्रश्न कसे विचारावे हे शिकवले. फाटलेले पान कसे जोडावे हे कुणी शिकवले नव्हते, आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

त्याच आठवड्यात आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी हमरापूरला एका मूर्ती कारखान्यात गेलो. परिसर भेट म्हणून गेलो होतो, पुस्तकांचा विषय डोक्यात नव्हता. एक वयस्कर कारागीर शाडूच्या मूर्तीच्या खांद्याला गेलेला तडा बुजवत होते. त्यांनी आधी ब्रशने तड्याला पाणी लावले. मग पातळ शाडू हळूहळू आत भरला.

एका मुलाने विचारले, "चाचा, सिमेंट भरलं तर जास्त पक्कं नाही का होणार?"

ते हसले. "बाळा, सिमेंट पक्कं, पण माती कच्ची. दोघांचं जमायचं नाही. सिमेंट राहील जागच्या जागी आणि तडा शेजारी जाईल. मातीला मातीच भरायची." मग मूर्ती त्यांनी सावलीत सरकवली. उन्हात ठेवली तर ती पुन्हा तडकते, असे ते म्हणाले.

मला एकदम शब्दकोशाचे ते पान आठवले. चिकटपट्टी कागदापेक्षा बळकट होती. पान उलटताना कागद वाकायचा, पट्टी वाकायची नाही. सगळा ताण पट्टीच्या कडेवर यायचा आणि तिथेच कागद तुटायचा. तडा शेजारी गेला होता!

तेव्हापासून मी माहिती गोळा करू लागलो. जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली, रद्दीतल्या पुस्तकांवर हात चालवून पाहिला. सगळीकडे दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. दुरुस्ती मूळ कागदापेक्षा मऊ असावी, आणि चूक झाली तर ती पुन्हा सोडवता यावी. चिकटपट्टी या दोन्ही परीक्षांत नापास होते. दुकानात मिळणारा पांढरा गोंद पुठ्ठ्याला ठीक आहे, पण तो वाळल्यावर पाण्याने नीट सुटत नाही. म्हणून पानाला तो लावू नये. पानासाठी उत्तम म्हणजे खळ. आपण घरी तिला 'लेई' म्हणतो.

खळ करायला एक चमचा मैदा आणि पाच चमचे पाणी पुरे. आधी थोड्या पाण्यात मैदा कालवावा, गुठळी राहू देऊ नये. मग उरलेले पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरा रंग जाऊन खळ थोडी पारदर्शक दिसू लागली की उतरवावी आणि गार झाल्यावर पातळ फडक्यातून गाळावी. पावसाळ्यात ती एक-दोन दिवसांत आंबते, म्हणून रोज थोडीच करावी. जिल्दसाज खळीत मोरचूद घालतात, म्हणजे आपला नीलाथोथा. त्याने किडे येत नाहीत. पण मोरचूद विषारी आहे, मुलांनी त्याला हात लावू नये. खळ नेहमी अगदी पातळ थरात लावावी. कसरीला खळ फार आवडते. जाड थर म्हणजे तिच्यासाठी मेजवानीच.

आता कागद. फाटलेले पान जोडायला जपानी टिश्यू नावाचा पातळ पांढरा कागद वापरतात. तो शहतूताच्या जातीतल्या एका झाडाच्या सालीपासून बनतो. दिसायला कांद्याच्या सालीसारखा, पण त्याचे तंतू लांब असतात. मुंबईहून आणलेला एक ताव आम्हांला पुष्कळ दिवस पुरला. या कागदाची पट्टी कात्रीने कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर कागद हलकेच ओढून फाडायचा. मग कडेला तंतूंची बारीक झालर राहते. ती पानात मिसळून जाते आणि कडेवर ताण येत नाही. कात्रीची सरळ कड पुन्हा चिकटपट्टीसारखीच वागते. मुलांना हे फाडणे फार आवडले. शाळेत कागद फाडायला परवानगी मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग!

पानाखाली मेणकागद ठेवावा. फाटलेल्या कडा जशा फाटल्या तशाच एकमेकींवर बसवाव्यात. पट्टीला खळ लावून ती फाटीवर ठेवावी, वर दुसरा मेणकागद आणि त्यावर वजन. आम्ही विटा वर्तमानपत्रात गुंडाळून वापरतो. रात्रभर वजन राहू द्यावे. घाई करणाऱ्याचे पान सुरकुतते. त्याआधी एक परीक्षा मात्र करावी. कापसाचा ओला बोळा एखाद्या अक्षराच्या टोकाला लावून पाहावा. शाई पसरली तर खळ लावू नये, पुस्तक तसेच बाजूला ठेवावे.

सुटे पान पुन्हा बसवणे सोपे आहे. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मिलिमीटर रुंदीत खळ लावायची आणि ते जागेवर सरकवायचे. जास्त खळ लावली तर शेजारचे पानही चिकटते.

कव्हर बसवताना आमची एक गंमत झाली. दोन मुलांनी बाजारातून आणलेल्या वहीचे पुठ्ठे एका उर्दू कथासंग्रहाला मोठ्या मेहनतीने लावले. सकाळी विटा काढल्या तर पुस्तकाचे नाव मागच्या बाजूला! मराठी पुस्तक समोर ठेवले तर त्याची पाठ डाव्या हाताला असते, उर्दू पुस्तकाची उजव्या हाताला. दोघांनी नमुना म्हणून मराठी पुस्तक पाहिले होते. पण खळ लावलेली असल्यामुळे ओल्या फडक्याने पुठ्ठे सुटले आणि पुन्हा नीट बसले. चूक सोडवता यावी म्हणजे काय, ते त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले.

कोकणात खरा शत्रू पाणी. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला मोठा पूर आला. तिथले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले. त्या पुरात त्याची हजारो पुस्तके पाण्याखाली गेली. परदेशातही असे घडले आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचे पाणी शिरले आणि तिथले मोठे ग्रंथालय चिखलाने भरले. देशोदेशींचे तरुण धावून आले. साखळी करून त्यांनी चिखलातून पुस्तके वर काढली. लोकांनी त्यांना 'चिखलातले फरिश्ते' असे नाव दिले. पुस्तकांच्या दुरुस्तीचे आजचे पुष्कळसे ज्ञान त्या पुरानंतरच्या कामातून वाढले.

भिजलेले पुस्तक उन्हात टाकू नये. मूर्तीसारखेच तेही सावलीत, वाऱ्यावर, पंख्याखाली वाळवावे. काही पानांच्या अंतराने कोरा टिपकागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून पहिला दिवस फार मोलाचा. बुरशी आलीच तर नाकावर रुमाल बांधावा, पुस्तक पूर्ण वाळू द्यावे आणि मग घराबाहेर मऊ ब्रशने झाडावे. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके वाळताना पाने एकमेकांना घट्ट चिकटतात. ती सगळ्यांत आधी उघडावीत.

काही पुस्तकांना मात्र आपण हात लावायचा नाही. हाताने लिहिलेल्या किताबी, जुन्या लिथो छापखान्यातली पुस्तके, आजोबांच्या जमिनीचे कागद या वस्तू एकदा बिघडल्या की पुन्हा मिळत नाहीत. त्या सुती फडक्यात गुंडाळाव्यात, सुताच्या नाडीने सैल बांधाव्यात आणि जाणकाराला दाखवाव्यात. एका मुलाने घरून अशी एक पोथी आणली होती. ती मी दुरुस्त केली नाही याचे त्याला वाईट वाटले. "सर, तुम्हांला येतं ना?" असे तो दोनदा म्हणाला. मला तेवढे येत नव्हते, आणि ते मी त्याला सांगितले.

शब्दकोशाचे पान आम्ही शेवटी हातात घेतले. जुनी पट्टी वाळून आपोआप सुटत आली होती. तिचा तपकिरी डाग निघण्यासारखा नव्हता, तो तसाच राहू दिला. तुटलेल्या कडेवर त्या मुलीनेच टिश्यूची पट्टी बसवली. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी ती विटा काढायला हजर. तिने पान खिडकीच्या उजेडात धरले, डागाखालची अक्षरे बोटाने एकेक करून लावली आणि वही उघडून शब्द लिहून घेतला. निबंध मात्र देऊन आठवडा होऊन गेला होता.

शब्दार्थ

खळ – लेई. कसर – कागद खाणारा किडा. पुठ्ठा – दफ्ती. मोरचूद – नीलाथोथा. तडा – दरार. ताव – कागदाचा मोठा तुकडा. बुरशी – फफूँद. ओल – नमी.

स्वाध्याय

१. चिकटपट्टीच्या कडेनेच पान का तुटले?
२. कारागिराने तड्यात सिमेंट का भरले नाही?
३. टिश्यूची पट्टी कात्रीने का कापू नये?
४. मराठी आणि उर्दू पुस्तकांच्या बांधणीत कोणता फरक आहे?
५. कागद, किताब, जिल्द यांसारखे उर्दूत आणि मराठीत दोन्हींकडे चालणारे आणखी पाच शब्द शोधा.
६. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातले एक फाटलेले पुस्तक पाहा. त्याला काय झाले आहे, ते पाच वाक्यांत लिहा.