ऊसतोड कामगारांची मुले : हजेरीपटात न दिसणारे मन

दसरा सरला की मराठवाड्यातील व नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातील अनेक गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे फडाच्या भाषेत एकेक ‘कोयता’, ट्रकमध्ये संसार चढवून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडील बेळगावच्या कारखान्यांकडे निघतात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात असते. त्यामुळे मुलांपुढे दोनच वाटा उरतात : आईबापांबरोबर फडावर जाऊन शाळा सोडणे, किंवा आजीजवळ, हंगामी वसतिगृहात अथवा आपल्यासारख्या निवासी शाळेत राहून आईबाप सोडणे. पहिल्या वाटेवरचे नुकसान हजेरीपटात दिसते. त्यावर साखरशाळा, शिक्षण हमी कार्ड, हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले. दुसऱ्या वाटेवरचे नुकसान तेथे दिसत नाही, कारण मूल रोज ‘हजर’ असते. या लेखाचा विषय ते हजर असलेले मूल आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे बाबासाहेबांच्या बालपणाकडे वळणे मला अगत्याचे वाटते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींतील १९०१ चा मसूर स्थानकावरचा प्रसंग आपण मुलांना नेहमी शिकवतो. त्यामागची कौटुंबिक परिस्थिती मात्र क्वचितच सांगतो. सुभेदार रामजी त्या वेळी खटाव तालुक्यात दुष्काळग्रस्तांसाठी निघालेल्या तलावाच्या कामावर रोखपाल होते. आई वारलेली. भीमराव, त्यांचा वडील भाऊ आणि मृत बहिणीची दोन मुले साताऱ्यास आत्याच्या आधाराने राहत होती. आत्या मायाळू, पण पायांनी अधू. शाळा सांभाळून मुलेच स्वयंपाक करीत. भाकरी-पोळी जमत नसल्याने पुलावावर भागवीत. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे शिवले, उत्साहाने गाडीत बसली, आणि स्थानकावर न्यायला कोणीच आले नाही. पुढे जात कळताच गाडीवानांनी नकार दिला, वाटेत पाणी मिळाले नाही. पोटासाठी परगावी गेलेला बाप आणि मागे राहिलेली मुले ही अवस्था आपल्या प्रेरणास्थानाची स्वतःची होती. तीसेक वर्षांनी लिहिताना त्यांना कपड्यांपासून पाण्यापर्यंत सारे आठवत होते. मुलाचे मन काय जपून ठेवते, याला याहून मोठा पुरावा नको. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह सुरू केले, त्याच परंपरेत आपली शाळा उभी आहे. म्हणूनच अन्न, निवारा व पाटी-पुस्तक दिले की आपले काम संपले, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता प्रश्न निरीक्षणाचा. नवीन मूल पहिले काही दिवस रडते, फाटकाकडे पळते, जेवत नाही. मग शांत होते, आणि आपण समाधानाने म्हणतो, ‘रुळले.’ हे समाधान तपासून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दूर, रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले आणि १९५२ मध्ये त्यावर चित्रपट काढला. त्यांना व त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांना तीन अवस्था दिसल्या : आधी विरोध, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता. परिचारिका ज्याला रुळणे समजत होत्या, ते पुष्कळदा निराशा किंवा अलिप्तता असे. आपली मुले वयाने मोठी असतात, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु शांत मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, एवढे त्यातून निश्चित घ्यावे. अंथरूण ओले होणे, वारंवार पोट दुखणे, ताटातली चपाती उशीखाली ठेवणे, दिवाळीच्या सुट्टीचा विषय निघताच उठून जाणे, ही बोलण्याऐवजी केलेली विधाने आहेत. इतरांच्या सुट्टीला घर असते; या मुलांच्या घराला त्या वेळी कुलूप असते. थोरल्या मुलांना तर उचलीचा आकडाही ठाऊक असतो. आपल्या शिक्षणापायी घरावर कर्ज वाढले, असा हिशेब ती मनात करतात. मुलींच्या मनात आणखी एक भीती असते : पुढच्या हंगामाआधी आपले लग्न तर लावणार नाहीत ना?

संयुत्त निकायात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण दुःखाचा, दुसरा त्या दुःखावर मनाने केलेल्या आक्रोशाचा. मूळ उपदेशात दुसरा बाण मनुष्य स्वतःलाच मारून घेतो. मुलांच्या बाबतीत तो बहुधा मोठी माणसे मारतात. ‘ऊसतोड्याचं पोर’, ‘रडूबाई’, सर्वांसमोर वाळत घातलेली ओली गोधडी, ‘तुमच्यासाठी आईबाप राबतात आणि तुम्ही...’ ही सारी त्याच भात्यातली शस्त्रे होत. आईबापांचा विरह शाळेला टाळता येत नाही. हा दुसरा बाण मात्र पूर्णपणे शाळेच्या हाती आहे.

आपल्या प्रार्थनेनंतरच्या आनापानाविषयीही थोडे. श्वासाकडे पाहण्याचा सराव मुलांना स्थिर करतो, हे खरे. पण ज्याच्या मनात भीती साचली आहे, त्याला डोळे मिटण्याची सक्ती करू नये. आनापान हा औषधोपचाराला पर्यायही नव्हे. मूल कित्येक आठवडे झोपत-जेवत नसेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर विनाविलंब जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. मनाचा दवाखाना म्हणजे वेड, ही समजूत आपल्या वस्त्यांतूनही अजून गेलेली नाही.

रॉबर्टसन यांच्या कामाचा एक व्यावहारिक परिणाम झाला. १९५९ च्या प्लॅट अहवालाने मुलांना भेटण्याच्या वेळेवरील बंधने उठवण्याची शिफारस केली. अनेक वसतिगृहांत आज फोनची वेळ रविवारी सकाळी असते. फडाला रविवार नसतो. पहाटे अंधारात तोड सुरू होते, गाडी येईल तेव्हा भरणी करावी लागते, आणि कोपीवर चार्जिंगची सोय असेलच असे नाही. तेव्हा फोन रात्री, पालकांच्या सवडीने आला तरी मुलाला उठवून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिस्त थोडी बिघडेल, बिघडू द्यावी.

पालकांना विनंती अशी की, मुलाला झोपेत ठेवून अथवा ‘बाजारातून येतो’ म्हणून निघून जाऊ नका. कोणता कारखाना, कोणते गाव, साधारण केव्हा परत, हे त्याला खरे सांगा आणि मुकादमाचा क्रमांक कार्यालयात नोंदवा. कारखाना बदलला तर तेही कळवा. आपले कित्येक माजी विद्यार्थी आज सांगली-कोल्हापूरकडे नोकरीस आहेत. त्यांच्यापैकी कोणी आपल्या भागातील टोळ्यांचा ठावठिकाणा घेऊन दिवाळीच्या सुट्टीत एकदा मुलांना फडावर भेटीस नेण्याची जबाबदारी घेतली, तर प्रवासखर्चाची तजवीज पालक सभेत मांडता येईल. त्यासाठी नावे दसऱ्यापूर्वी कार्यालयात यावीत.