यकृताच्या गाठीचा वेळीच शोध

यकृताच्या कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. त्यामुळे निदानास विलंब होतो. ‘ब’ वा ‘क’ कावीळ किंवा मद्यपान यांमुळे ज्यांचे यकृत कठीण झाले आहे, त्यांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.

संशयास्पद गाठ आढळल्यास सी. टी. स्कॅन करतात. निरोगी यकृतास सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते. या गाठीस मात्र ते मुख्यतः रोहिणीतून मिळते. म्हणून शिरेत टोचलेल्या द्रव्याने गाठ प्रथम उजळते व पुढे भोवतालच्या भागाहून काळसर दिसते. हीच तिची खूण होय.

या दोन्ही काविळींची तपासणी व उपचार २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली नेमलेल्या शासकीय केंद्रांत विनामूल्य होतात. नायगाव तालुक्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णांस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वेळीच पाठवावे. लहान असतानाच सापडलेली गाठ शस्त्रक्रियेने काढता येऊ शकते.