संगणकाचे निदानपंचक

चिकित्सालयातील संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसविल्यानंतर तो वारंवार बंद पडू लागला, की आपण तो पुनःपुन्हा चालू करीत राहतो. त्यात वर्षानुवर्षांच्या रुग्णनोंदी असताना हे धोक्याचे होय. फैजपूरसारख्या गावी जाणकार तत्काळ मिळेलच असे नाही. म्हणून वैद्यांनी आपल्या परिचित निदानपंचकाच्या क्रमानेच विचार करावा.

१) हेतू : बिघाडापूर्वी काय बसविले, कोणते अपडेट झाले, हे तारखेनुसार पाहावे. विंडोजमधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ ही नोंद दाखवितो. मात्र आधी घडले तेच कारण, असे मानू नये; काकतालीय न्याय येथेही संभवतो.

२) पूर्वरूप : संगणक मंदावणे, पडदा क्षणभर गोठणे.

३) रूप : निळा वा काळा पडदा येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होणे. पडद्यावरील ‘स्टॉप कोड’ लिहून घ्यावा.

४) उपशय : शिफ्ट कळ दाबून ‘रीस्टार्ट’ केल्यास पुढील पर्यायांतून ‘सेफ मोड’ गाठता येतो. हे संगणकाचे लंघनच. केवळ अत्यावश्यक घटक चालतात. येथे तो स्थिर राहिल्यास दोष बहुधा नव्या सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. येथेही बंद पडल्यास रॅम, हार्डडिस्क वा अतिउष्णता यांचा संशय घ्यावा.

५) संप्राप्ती : सामान्य सॉफ्टवेअर चुकले तर बहुधा तेवढेच बंद पडते. ड्रायव्हर व अँटिव्हायरस मात्र प्रणालीच्या गाभ्यात शिरतात; तेथील एक चूक सर्व यंत्र थांबविते. दि. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने सदोष अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतले. तथापि अनेक संगणक सेफ मोडमध्ये नेऊन ती एक फाइल हातानेच काढावी लागली.

चिकित्सेचे सूत्र आपलेच आहे : निदानपरिवर्जन. प्रथम सेफ मोडमध्ये रुग्णनोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी; काही सॉफ्टवेअर काढताना त्यांतील नोंदीही नष्ट होतात. मग नवे सॉफ्टवेअर काढावे. न जमल्यास ‘सिस्टम रिस्टोअर’ने पूर्वस्थितीस जावे. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवणे म्हणजे विरुद्धाहारच.

नवे सॉफ्टवेअर बसविण्यापूर्वी रुग्णनोंदींची प्रत व रिस्टोअर पॉइंट तयार ठेवणे, ही संगणकाची स्वस्थवृत्तातील दिनचर्या समजावी. संगणक नवा घेता येतो. रुग्णाचा वीस वर्षांचा इतिहास पुन्हा लिहिता येत नाही.